आधी ऊन मोजा, मग रोप आणा: साताऱ्यातली घरची फुलबाग

सप्टेंबरात कासचं पठार बघून माणसं यवतेश्वरच्या घाटानं खाली उतरतात ती डोळ्यांत रंग भरूनच. वाटेत एखादी रोपवाटिका दिसते, गाडी थांबते आणि फुललेल्या रोपांनी डिकी भरते. दिवाळीपर्यंत त्यातल्या निम्म्या कुंड्या रिकाम्या झालेल्या असतात. मग मला विचारतात, "माझा हातगुणच वाईट आहे का हो?" हातगुणाचा इथं काही संबंध नाही. रोप चुकीच्या महिन्यात, चुकीच्या उन्हात लावलेलं असतं. एवढं एक सुधारलं की नव्या माणसाच्या हातूनही बाग फुलते, हे मी आमच्या शाहूपुरीच्या बाजूला किती तरी घरांत पाहिलंय.

माझ्याकडे घराच्या दोन बाजूंना तीन छोटे वाफे आहेत आणि गच्चीवर वीसेक कुंड्या. खाली लिहिलंय ते सगळं या एवढ्याशा जागेत करून पाहिलेलं आहे. सांगली, मिरज, कराडकडच्या वाचकांसाठी जिथं फरक पडतो तिथं तसं सांगितलंय. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. त्यामुळे पावसाळी मेढ्याला चाललेली युक्ती कोरड्या दहिवडीला चालेलच असं नाही. आपलं गाव कुठं आहे ते लक्षात ठेवून वाचा.

एक रविवार उन्हाला द्या

रोपवाटिकेत जायच्या आधी एक सुट्टीचा दिवस घरी काढा. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता जिथं झाडं ठेवायची आहेत तिथं उभं राहा आणि ऊन जिथवर आलंय तिथं खडूनं रेघ मारा. संध्याकाळी रेघा बघितल्या की कळतं, कुठल्या कोपऱ्याला किती तास ऊन मिळतं.

सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर झेंडू, झिनिया, कॉसमॉस, गलांडा, पिटुनिया, शेवंती, सगळं येईल. सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन आणि मग सावली असेल तर तेरडा, साल्विया, पॅन्झी, टोरेनिया लावा. त्याहून कमी ऊन असेल तर तिथं बिगोनिया लावा किंवा नुसती पानांची झाडं ठेवा. सावलीत लावलेला झेंडू मरत नाही, पण काटकुळा होऊन उंच वाढतो, खाली वाकतो आणि दोन-चार फुलं देतो. ते बघून वाईट वाटतं.

ऊन वर्षभर एका जागी राहत नाही, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. साताऱ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. नंतर तो दक्षिणेला कलत जातो. म्हणून उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात भरपूर ऊन दिसतं आणि दिवाळीनंतर तिथं तिरीपसुद्धा येत नाही. दक्षिणेच्या गॅलरीत नेमकं उलट, थंडीत ऊन अगदी आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. हिवाळी फुलांसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा तीच. अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याला ज्यांची घरं आहेत त्यांनी डिसेंबरातलं ऊन वेगळं मोजावं, कारण किल्ला दक्षिणेला आहे आणि थंडीतलं ऊन डोंगराआडून उशिरा येतं, लवकर जातं.

रात्रीचा उजेडही बघा. एका वर्षी मी शेवंतीच्या एकाच झाडाच्या काश्या, म्हणजे बुंध्यापासून फुटलेली पिल्लं, दोन कुंड्यांत लावल्या. एक कुंडी गच्चीवर ठेवली, दुसरी फाटकापाशी. खत तेच, पाणी तेच. गच्चीवरची नोव्हेंबरात फुलांनी पिवळी झाली, पानं दिसेनात. फाटकापाशी मात्र नुसती हिरवी, कळीचं नाव नाही. कारण होतं विजेच्या खांबावरचा दिवा. शेवंतीला कळी धरायला लांब आणि अंधारी रात्र लागते. दिव्याच्या उजेडात तिला दिवस लहान झाल्याचं कळतच नाही. डिसेंबरात ती कुंडी मागच्या अंगणात अंधारात नेली, तेव्हा फेब्रुवारीत फुलली. शेवंती लावणार असाल तर रात्री एकदा बाहेर येऊन खांबाचा उजेड कुठवर पडतो ते पाहा.

माती

डोंगराच्या बाजूला मातीत मुरूम जास्त. पाणी झटकन निघून जातं आणि अन्न टिकत नाही. अशा मातीत शेणखत सढळ हातानं घाला. कृष्णाकाठी, कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत काळी माती. ती सकस असते, पण पावसात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हंगामी फुलांची नाजूक मुळं तिच्यात गुदमरतात. काळ्या मातीत वाफा जमिनीपेक्षा अर्धा फूट तरी उंच करा, म्हणजे गादीवाफा, आणि मातीत भाताचं तूस, विटांचा चुरा किंवा जाड वाळू मिसळा. निचरा कसा आहे ते बघायचं असेल तर एक फूट खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर तिथं सपाट वाफा करू नका.

कुंडीसाठी मी दोन भाग चाळलेली माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, किंवा तूस घेते. दहा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उलटा ठेवायचा, म्हणजे माती वाहत नाही आणि पाणी अडत नाही. गच्चीवर कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवा. पाणी सुटं वाहतं आणि स्लॅब ओला राहत नाही.

शेणखताबद्दल जरा जास्त सांगते, कारण तिथं मी चांगलीच ठेचकाळले होते. एका पावसाळ्यात लावलेली झेंडूची अठरा रोपं रोज एक-दोन अशी माना टाकू लागली. पाणी कमी पडतंय म्हणून मी आणखी पाणी दिलं. शेवटी एक रोप उपटलं तर ते अलगद हातात आलं, खाली मुळंच नव्हती. माती उकरली तेव्हा इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची जाडजूड अळी निघाली. हुमणी. ऊसवाल्यांना हिची ओळख सांगायला नको. ती कच्च्या शेणखतातून आली होती. तेव्हापासून खत आणलं की आधी फरशीवर पसरते, चाळते आणि हातात घेऊन बघते. मुरलेलं खत काळसर, भुसभुशीत, गार लागतं आणि त्याला शेणाचा वास राहत नाही. हाताला गरम लागलं, गोळे निघाले किंवा उग्र वास आला तर ते आणखी तीन-चार महिने झाकून ठेवा. कारखान्याच्या मळीचं खतही असंच, पूर्ण कुजलेलं असेल तरच घ्या.

रोपाला त्याचं मूळ गाव विचारा

आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात. झाडालाही तेच विचारावं, निम्मी माहिती तिथंच मिळते.

झेंडू, झिनिया, डेलिया, कॉसमॉस ही चारही मूळची मेक्सिकोच्या बाजूची. तिथं उन्हाळ्यात पाऊस पडतो, मग कोरडी हवा आणि लख्ख ऊन. आपल्या घाटमाथ्याच्या पूर्वेकडचं हवामान त्याच्या जवळचं, म्हणून दसऱ्याला झेंडू इथं इतका मजेत येतो की तो परदेशी आहे हे कुणाला खरंही वाटत नाही. पॅन्झी युरोपातली, तिला गारवा हवा. पोर्तुलाका, म्हणजे आपलं ऑफिस टाइम, दक्षिण अमेरिकेच्या कोरड्या भागातलं, मांसल पानांत पाणी साठवणारं. ते तापल्या गच्चीवर खुशाल राहतं, पण साताऱ्याच्या जुलैत सडतं. नॅस्टर्शियम पेरूच्या डोंगरातलं, हलक्या मातीचं. त्याला जास्त खत घातलं की पानांच्या छत्र्या होतात आणि फुलं लपून बसतात. तेरडा तर आपला घरचाच. त्याला पावसाची सर आणि ओलसर हवा आवडते.

कासवरच्या फुलांचंही हेच आहे. तिथं जांभ्या खडकावर जेमतेम मातीचा थर, पावसाळाभर धुकं, सतत झिरपणारं पाणी आणि मग एकदम कोरडं. गेंद, सोनकी, सीतेची आसवं त्या गरिबीवर वाढलेली आहेत. खताच्या कुंडीत ती जगत नाहीत. सीतेच्या आसवांना तर ओल्या खडकातले बारीक जीव पकडून खायची सवय. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे आणि तिथलं फूल तोडणं, रोप उपटणं हा गुन्हा आहे. तिथली फुलं तिथंच बघावीत. घरात रंग हवा असेल तर बागेतला तेरडा पेरा.

पावसाळी फुलं: मृगापासून दसऱ्यापर्यंत

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला आणि माती वाफशावर आली की पेरा. वाफसा म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, अशी वेळ. मूठभर माती दाबली की लाडू होतो आणि बोटानं टिचकी मारली की फुटतो. लाडू फुटला नाही तर एक-दोन दिवस थांबा.

तेरडा, झिनिया, कॉसमॉस आणि कोंबडा यांचं बी थेट वाफ्यात टाकलं तरी चालतं. झिनियाला तर उपटून दुसरीकडे लावलेलं फारसं मानवत नाही. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरा, त्याहून खोल नाही. उगवल्यावर रोपांत एक-एक फूट अंतर ठेवून बाकीची काढून टाका. काढायला जिवावर येतं, पण दाट ठेवलेल्या झिनियावर ऑगस्टमध्ये भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येणारच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला तेरडा ऑगस्टात फुलतो आणि गौरीला दारचाच तेरडा होतो. "तेरड्याचा रंग तीन दिवस" म्हणतात ते एका फुलापुरतं. झाडावर कळ्यांची रांग असते, महिना-दीड महिना फूल राहतं. घरात लहान मुलं असतील तर एक रांग त्यांच्या नावानं लावा. पिकलेल्या बोंडाला हात लावला की ते फटकन फुटतं आणि बिया उडतात.

आता दसऱ्याचा झेंडू. तोरण घरच्या फुलांचं व्हावं असं प्रत्येकाला वाटतं आणि बहुतेकांचा झेंडू दसरा झाल्यावर फुलतो. तेव्हा मागून मोजत या. समजा दसरा २० ऑक्टोबरला आहे. पेरल्यापासून रोप लावणीला यायला साधारण २५ दिवस. लावणीपासून पहिलं फूल उमलायला ५० ते ६० दिवस. म्हणजे जुलै संपता संपता बी पडायला हवं. पण पहिलं फूल आणि तोरणाला पुरेल एवढी फुलं यांत दहा-बारा दिवस जातात, म्हणून मी जुलैच्या मध्यालाच पेरते. दसरा सप्टेंबरअखेर येणार असेल त्या वर्षी हेच काम जूनअखेर. घराच्या एका दाराच्या तोरणासाठी मोठ्या झेंडूची आठ-दहा रोपं लावावीत.

जुलैत साताऱ्यात झड लागलेली असते, म्हणून बी उघड्यावर पेरू नका. वळचणीला, पण उजेडात, ट्रे ठेवा. रोपं चार-पाच पानांची झाली की उंच वाफ्यावर दीड-दीड फुटावर लावा, संध्याकाळी. लावून दोन-अडीच आठवडे झाले की मधला शेंडा खुडायचा. हे करायला नव्या माणसाचा हात धजत नाही. "अहो, कळी येणार होती तिथं!" असं मला एका शेजारणीनं म्हटलं होतं. पण शेंडा काढला की बगलेतून पाच-सहा फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्यावर फूल. बुटक्या झेंडूला हे लागत नाही, तो आपणच पसरतो. उंच झाडाला काठीचा आधार द्या. यवतेश्वराकडून येणारा वारा भिजलेल्या, फुलांनी जड झालेल्या फांद्या सहज मोडतो.

हिवाळी फुलं: खरा बहर

आपल्याकडे फुलबागेचा राजा हंगाम हाच. दिवसा ऊन, रात्री गारवा, पाऊस नाही. पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, साल्विया, अ‍ॅस्टर, डॉग फ्लॉवर, कॅलेंड्युला, व्हर्बिना, अ‍ॅलिसम, यादी मोठी आहे. पहिल्या वर्षी तीनच निवडा. माझं मत विचाराल तर पिटुनिया, फ्लॉक्स आणि डायन्थस. पिटुनिया कुंडीतून ओसंडते, फ्लॉक्स वाफ्यात रंगांची सरमिसळ करतं आणि डायन्थस चिवट, हौशी माणसाच्या चुका पोटात घालणारं.

बी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरायचं. गणपती-गौरी उरकल्या की ट्रे काढायचे, असं मी धरलेलं आहे. गणपती लवकर आले तर तारीख बघा, गणपती नव्हे. सांगली-मिरजेकडे गारवा थोडा उशिरा येतो, तिथं आठ-दहा दिवस उशिरा पेरा. हस्ताचा पाऊस दणकट पडतो, त्याच्या माऱ्यात कोवळी रोपं आडवी होतात, तेवढे दिवस ट्रे आडोशाला. रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावली की डिसेंबरपासून मार्चपर्यंत फुलं. पॅन्झीची घाई करू नका, दिवाळीनंतर लावा. ऑक्टोबरच्या उन्हात ती कोमेजते.

पिटुनियाचं बी पहिल्यांदा हातात घेणारा माणूस चकित होतो. नुसती धूळ. एका ग्रॅममध्ये जवळपास दहा हजार बिया बसतात. हे पेरायची रीत वेगळी आहे आणि ती एकदा जमली की कुठलंही बारीक बी जमतं.

कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या, ट्रेमध्ये भरा, हातानं हलकं दाबा आणि बी टाकायच्या आधीच पूर्ण भिजवून निथळू द्या. जाड कागद मधोमध दुमडून त्याच्या घडीत बी घ्या. त्यात चिमूटभर कोरडी बारीक वाळू मिसळा, म्हणजे बी कुठं पडलं ते दिसतं. आता कागद तिरका धरून बोटानं हळूच टिचकी मारत बी पाडत जा. वरून माती टाकू नका. या बियांना उगवायला उजेड लागतो. वरून झारीनं पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल, म्हणून परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा. पाणी खालून शोषलं जातं. वरची माती काळी झाली की ट्रे उचला. वर पारदर्शक प्लॅस्टिक झाका आणि उजेडाच्या सावलीत ठेवा. मुंग्या बी पळवतात, तेव्हा ट्रे पाण्यातल्या विटांवर ठेवलेला बरा.

सात ते दहा दिवसांत हिरवी शेवाळासारखी झाक दिसते. त्याच दिवशी प्लॅस्टिक काढा. एक दिवस जास्त राहिलं तर रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात आणि हा रोग एका रात्रीत अर्धा ट्रे खातो. भरण्याच्या मिश्रणात थोडं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, घातलं तर धोका कमी होतो. चार खरी पानं आली की काडीनं एकेक रोप उचलून छोट्या कपात लावा. धरायचं ते पानाला. देठ चिमटीत दाबला गेला तर ते रोप गेलं, पान गेलं तर दुसरं येतं.

हे सगळं वाचून दमला असाल तर पहिल्या वर्षी पिटुनियाची तयार रोपं आणा आणि झेंडू, झिनिया, तेरडा घरी पेरा. त्यात कमीपणा काही नाही.

तयार रोप घेताना

फुलांनी भरलेलं रोप उचलू नका. बुटकं, गच्च, फुटवे असलेलं आणि नुकत्याच कळ्या धरलेलं घ्या. पान उलटं करून बघा, मावा आणि पिठ्या ढेकूण तिथं बसतात. पिशवीच्या तळातून मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर ते रोप फार दिवस अडकून पडलेलं आहे.

"दादा, हे उन्हात चालेल का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालतंय की ताई, कायबी हुत न्हाय." ते खोटं बोलत नाहीत, पण आपण प्रश्न नेमका विचारला पाहिजे. "हे रोप इथं आल्यापासून जाळीखाली आहे का उन्हात? कुठून आलं?" उरुळी कांचनकडून किंवा पाचगणीच्या गारव्यातून आलेलं, हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप एकदम गच्चीवर ठेवलं की पानं करपतात. पाच-सहा दिवस सावलीत, मग दोन दिवस सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन, असं सवयीनं न्या. लावताना काळी पिशवी ब्लेडनं उभी कापा, ओढून काढू नका.

पाणी, खत आणि फुलं खुडणं

कुंडीतली रोपं सगळ्यात जास्त मरतात ती पाण्यानं, तहानेनं नव्हे. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको. कुंडी थोडी कलती करून वजन बघायची सवय लावा, महिन्याभरात हाताला अंदाज येतो. पाणी सकाळी, मुळाशी. झिनिया आणि फ्लॉक्सच्या पानांवर संध्याकाळी पाणी पडलं की बुरशीचे डाग येतात.

लावल्यावर तीन आठवडे खत नको. नंतर दर पंधरा दिवसांनी शेणाची स्लरी दहापट पाण्यात पातळ करून, आधी भिजवलेल्या मातीत द्या. युरियाच्या चिमटीचा मोह टाळा, त्यानं पान वाढतं आणि फूल मागे पडतं.

सुकलेलं फूल रोज खुडा. हंगामी झाडाला एकच काम असतं, बी धरून मोकळं व्हायचं. बी धरलं की ते फुलणं थांबवतं. फूल देठासकट काढत राहिलात तर ते पुन्हा पुन्हा फुलतं. पिटुनिया फेब्रुवारीत लांबडी, उघडी दिसू लागली की निम्म्यावर छाटा आणि स्लरी द्या. तीन आठवड्यांत पुन्हा भरते.

कीड

माव्यासाठी आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवस लागोपाठ. नाहीच गेला तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब, संध्याकाळी. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हात कधीच नाही. मार्चनंतर पानं फिकट ठिपकेदार झाली आणि खाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो फोफावतो. तेवढ्यासाठी पानांच्या खालच्या बाजूनं सकाळी पाणी मारा.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. ऑफिस टाइमच्या काड्या फेब्रुवारीअखेर खोचा, बोटभर लांबीची काडी पुरते, सकाळी नऊ-दहाला फुलं उघडतात आणि दुपारी मिटतात. गलांडा, पिवळा कॉसमॉस, सदाफुली हेही उन्हाला दाद देत नाहीत. मातीवर दोन-तीन इंच उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. आपल्या भागात पाचट मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, आणि पाणी निम्म्यावर येतं. एखाद्या कुंडीत मे फ्लॉवरचा कांदा असेल तर वळवाच्या आसपास लाल चेंडू वर येतो. हंगाम संपला की पानं वाळू द्या, कांदा तसाच मातीत राहू द्या.

कायमची चार झाडं

हंगामी फुलं संपतात तेव्हा बाग उजाड दिसू नये म्हणून कडेला कायमचं काही हवं. साताऱ्यात मी जास्वंद, मोगरा, अबोली आणि कुंपणाला गोकर्ण सुचवीन. मोगऱ्याला फुलं येत नाहीत अशी तक्रार फार असते. डिसेंबरात त्याचं पाणी तोडा, पानं पिवळी पडू द्या, जानेवारीत छाटा, शेणखत घालून मग भरपूर पाणी द्या. मार्चपासून ओंजळीनं फुलं मिळतील. गुलाब घेतलात तर ऑक्टोबरात छाटा आणि भरलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कलमाच्या जोडाच्या, खालून येणारा फुटवा दिसला की मुळापासून काढा, तो जंगली असतो. घरात रांगतं मूल असेल तर कण्हेर आणि बिट्टी लावू नका, दोन्ही विषारी आहेत.

बी धरून ठेवा

हंगामाच्या मध्याला, झाड जोमात असताना, सगळ्यात चांगल्या दोन झाडांवर दोऱ्याची खूण करा आणि त्यांची काही फुलं खुडू नका. शेवटच्या मरगळलेल्या फुलांचं बी धरलं तर पुढच्या वर्षीची रोपं तशीच येतात. तेरड्याची बोंडं फिकट पिवळी झाली की फुटायच्या आधी पातळ कापडाची पिशवी बांधा. झिनिया, कॉसमॉस झाडावरच वाळू द्या. पाकिटावर संकरित लिहिलेल्या वाणाचं बी मात्र धरू नका, त्यातून तसंच फूल येत नाही.

बी सावलीत आठवडाभर वाळवायचं, फुंकून कचरा उडवायचा आणि कागदी पाकिटात भरायचं, प्लॅस्टिकमध्ये नाही. पाकिटावर फुलाचं नाव, रंग, कुठल्या वाफ्यातलं आणि कधी पेरायचं तो महिना लिहायचा. माझ्याकडची पाकिटं पत्र्याच्या डब्यात, डाळीच्या फळीवर असतात. वरचं पाकीट तेरड्याचं आहे, त्यावर लिहिलंय: गुलाबी, पूर्वेचा वाफा, मृग.